काळ्या मातीतून आल्यावर चेन वाजते, घरी काय करता येईल?

जानापाववाला, इंदूर: पावसात महूकडून जानापावच्या कच्च्या वाटेने फिरून आलो. तेव्हापासून हळू चालवताना चेन टकटक करते. गाडी ऑन-ऑफ रोड, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या दोन्ही वाटांवर चालणारी मोटरसायकल; चेन ओ-रिंगची, म्हणजे कड्यांच्या सांध्यात वंगण धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असलेली. पेट्रोलने धुऊ का? ताण किती ठेवू?

सुदामानगरकर: पेट्रोल नको भाऊ, त्याने ओ-रिंगचं रबर खराब होतं. तारेचा ब्रशही नको. आपली काळी माती वाळली की दगड होते, म्हणून आधी पाण्याने भिजवून काढा. मग रॉकेल, मऊ ब्रश, कोरडं फडकं, आणि शेवटी ९० नंबरचं गिअर ऑइल. इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, चाक हातानेच फिरवा. चालू चेनवर फडकं धरून लोकांची बोटं गेली आहेत, कळकळीने सांगतो.

ताणाचा आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. साध्या गाडीच्या अंदाजाने चेन आवळू नका. आपल्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन लांब दबतं; पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट म्हणजे बिजागरी, आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. तेव्हा ढील उरली नाही, तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. चाक फिरवत चेन जिथे सर्वांत घट्ट लागेल तिथेच ढील मोजा.

महू_रायडर: एखादी कडी वाकलेलीच राहते का, तेही बघा. टकटक बहुतेक तिचीच.

जानापाववाला: बघितलं, दोन कड्या अडकतात. आज सियागंजातून ब्रश आणतो.

सुदामानगरकर: धुऊनही मोकळ्या झाल्या नाहीत, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला.