मदत हवी आहे: होडीला पीळ पडलाय, सरळ कशी करू?

सुकाणू: प्लायची होडी तांब्याच्या तारेने शिवून उभी केली. ट्रान्समचा (मागच्या आडव्या फळीचा) उजवा कोपरा डाव्यापेक्षा 15 मिमी वर आहे. कर्ण मोजले, सारखे आहेत. रविवारी सांध्यांत इपॉक्सी (कडक होणारा गोंद) भरायचंय, लवकर सांगा.

रंधा: लांबी? प्लाय किती मिमी? इपॉक्सी कुठे आधीच लागलंय का? होडी ठेवलीय कशावर?

खाडीकाठ: कर्ण सारखे म्हणजे होडी सरळच. जमीन उतरती असेल.

रंधा: @खाडीकाठ, नाही हो. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या, टोकापासून ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांचं अंतर सारखं आलं, तर होडी वरून बघताना तिरकी नाही एवढंच कळतं. पीळ त्यात सापडत नाही. सुकाणू, एक सरळ पट्टी ट्रान्समवर आडवी ठेवा, दुसरी पुढच्या फ्रेमवर. मागे 3-4 मीटरवर उभे राहा, एक डोळा मिटा, दोन्ही कडा जुळवून बघा. एका टोकाला फट दिसली की तो पीळ.

कोळंबी: बाहेरून 200 ग्रॅमचं फायबर कापड पुरेल. प्लायवर आयएस 710 चा (मरीन प्लायचा) शिक्का आहे ना?

सुकाणू: कापडाचं नंतर! 12 फूट, 6 मिमी, दोन घोड्यांवर (टेकूंवर) ठेवलीय. नाळेत आतून सांध्यावर वीतभर इपॉक्सीचा भराव घातलाय. पट्ट्यांत फट दिसतेय.

रंधा: भरावाचं आधी सांगायला हवं होतं, पीळ तिथे धरून ठेवलाय. पण सुरुवात घोड्यांपासून करा. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही टोकं एका पातळीत आणा, शिवलेली होडी घोडी जशी असेल तशी बसते. मग भराव हीटगनने मऊ करून पटाशीने काढा. तारा अर्धा वेढा सैल करा, वर गेलेल्या कोपऱ्यावर वजन, खालच्याखाली पाचर. पट्ट्या जुळल्या की तारांच्या मधल्या जागेत इपॉक्सीच्या टिकल्या द्या, तारेवर नको. कडक झाल्यावर तारा काढा, परत पट्ट्या बघा, मगच सलग भराव. तो बसल्यावर पीळ निघत नाही.

गुण्या: फळ्याही तपासा. 8 फुटी प्लाय म्हणजे सांधा आलाच. 6 मिमीला 1:8 उताराने सांधा 48 मिमीचा. चिकटवताना तो जरा तिरका गेला तर कितीही ओढा, पीळ परत येतो. डावी-उजवी फळी सोडवून एकीवर एक ठेवा, कडा जुळतात का बघा.

खाडीकाठ: वल्ह्याच्या होडीला 15 मिमीने काय होतंय?

गुण्या: एका बाजूला ओढते. दिवसभर एकच वल्हं जास्त मारत बसायचं का?

सुकाणू: मागची घोडी कलती निघाली. सरळ केल्यावर फट 4 मिमीवर आली. हीटगन किती तापवू?

रंधा: कमी आचेवर, हात हलता ठेवून. प्लायचा रंग बदलायला लागला की लगेच थांबा. दारं-खिडक्या उघडा, वाफा श्वासात जाऊ देऊ नका.