४१ अंशांवर हेला पेशी, पण एचएसपी-७० वाढतच नाही

पेशीवाला_कोल्हापूर: हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी), टी-२५ फ्लास्क (पेशी वाढवायची छोटी बाटली), तळ ७० टक्के पेशींनी भरलेला. सौम्य उष्णतेचा ताण देऊन एचएसपी-७० (ताणात पेशीला जपणारं प्रथिन) वाढतं का ते बघतोय. सीओटू इन्क्युबेटर ४१ अंशांवर लावून ३० मिनिटं ठेवतोय, लगेच ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए काढायचं द्रावण). क्यूपीसीआरमध्ये (जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) एचएसपीए१ए (एचएसपी-७० चं जनुक) कंट्रोलच्या, म्हणजे ३७ अंशांवरच्या पेशींच्या, जेमतेम दीडपट. जीएपीडीएच (तुलनेसाठीचं जनुक) स्थिर आहे. ४३ करू का?

उष्माघात: ४३ नको. तिथं ताण सौम्य राहत नाही, पेशी मरायला लागतात आणि मोजमापात त्याचीच भर पडते. इन्क्युबेटरमधली हवा फ्लास्क फार सावकाश तापवते; ३० मिनिटांतला बराच वेळ त्यातच जातो. झाकण घट्ट करा, पॅराफिल्म गुंडाळा, फ्लास्क वॉटर बाथमध्ये ठेवा. बाथचं पाणी माध्यमाच्या (पेशींच्या पोषक द्रवाच्या) पातळीच्या वर हवं. नुसतं माध्यम भरलेल्या जोडीच्या फ्लास्कमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडा, आत ४१ दिसले की मगच घड्याळ लावा. कंट्रोलही असाच सील करून ३७ च्या बाथमध्ये. आणि लगेच ट्रायझॉल घालू नका. एचएसएफ१ (ही जनुकं चालू करणारं प्रथिन) मिनिटांत जागा होतो, पण एमआरएनए (जनुकाची आरएनए प्रत) साठायला वेळ लागतो. ३७ वर परत ठेवून १, २ आणि ४ तासांनी नमुने घ्या.

डीएनेजताई: एचएसपीए१ए ला इंट्रॉनच (एमआरएनए बनताना कापला जाणारा जनुकाचा भाग) नाही, त्यामुळे प्रायमर कसेही निवडा, जीनोमिक डीएनएसुद्धा तेवढाच तुकडा देतो. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावलंय का? आरटी (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेल्या नळीचा सीटी (सिग्नल दिसेपर्यंत लागलेल्या सायकली) किती? पडताळणीला डीएनएजेबी१ (उष्णतेला वाढणारं दुसरं जनुक) घ्या, त्याला इंट्रॉन आहेत.

पेशीवाला_कोल्हापूर: डीएनेज नाही लावलं, ताई. कंट्रोल नमुन्यात आरटीसह २६, आरटीविना २७.

डीएनेजताई: एका सायकलीत डीएनए दुप्पट होतो, मग कंट्रोलचा निम्मा सिग्नल डीएनएचाच. गरम नमुन्यातही डीएनए तेवढाच धरला, तर दीडपटीची खरी वाढ दुप्पट निघते. आरएनए शुद्ध करायच्या कॉलमवर डीएनेज लावा, आरटीसह आणि आरटीविना सीटींत निदान ७ सायकलींचा फरक हवा. तेव्हा डीएनएचा वाटा एक टक्क्याखाली येतो. दुप्पटही कमीच आहे, म्हणजे वर सांगितलेली तापण्याची नि वेळेची चूक आहेच.

उष्माघात: अजून एक, एप्रिलमधलं आपलं कोल्हापूर. साध्या इन्क्युबेटरला खोली सेटपॉइंटपेक्षा ५ अंश तरी थंड लागते, कारण त्याला फक्त तापवता येतं. खोली ३५ वर गेली की ३७ वाला वर सरकतो आणि कंट्रोलच गरम होतो. एसी सुरू ठेवा, कंट्रोलच्या फ्लास्कमध्येही थर्मोकपल घाला. माध्यम बदलायचं असेल तर आदल्या दिवशी. फ्रिजमधलं गार माध्यम हाही पेशींना ताणच.