मदत हवी आहे: बर्फाचा अर्ध्या मिलिमीटरचा काप कसा करायचा?

इंदूरकर मंडळी, हिमनदीच्या बर्फातले स्फटिक ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात पाहतात, तोच प्रयोग शाळकरी मुलांसाठी मांडायचा आहे. खाली एलसीडी मॉनिटरचा पांढरा पडदा, त्यावर काप, वर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेतला प्रकाश जाऊ देणारी), पडदा काळा दिसेपर्यंत फिरवलेली. इथवर ठीक.

अडतं ते जाडीवर. बर्फात प्रकाशाचे दोन भाग होऊन वेगवेगळ्या वेगाने जातात; त्यांच्या अपवर्तनांकांत (वेग किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्यांत) फरक जेमतेम ०.००१४. काप ०.५ मिमी असेल तर मार्गफरक (एक भाग दुसऱ्यामागे पडतो ते अंतर, यावरच रंग ठरतो) जास्तीत जास्त ७०० नॅनोमीटर, रंग झकास. ३ मिमीला तोच ४२०० होतो नि सगळं पांढुरकं दिसतं.

काप काचपट्टीवर शून्य अंशाच्या पाण्याच्या थेंबांनी गोठवून, कोमट ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर घासला की कडा आधी वितळतात, मध्ये फुगवटा राहतो. काचेवर दोन्ही बाजूंना अर्ध्या मिमीच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे पत्रा तिथेच टेकेल, तर जमेल का? मायक्रोटोम (अतिपातळ काप करणारं यंत्र) नाही.

दुसरं, उणे १८ वरून बाहेर काढताच दव धरतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. वर सिलिकॉन तेल नि दुसरी काच ठेवून कुणी पाहिलंय का? तेल किती घट्ट घ्यावं? (स्पिरिट सुचवू नका, ते बर्फच खातं.)