पिल्लू कासवाला बंद काचपेटी देऊ नका, उघडं लाकडी टेबलच द्या

लेस्टरकर:
लेकीच्या हट्टाखातर गेल्या महिन्यात हर्मन्स जातीचं आठ महिन्यांचं कासव घरी आणलं. दुकानदाराने सरकत्या काचांची तीन फुटी बंद पेटी सोबत दिली. पिल्लू दिवसभर एकाच कोपऱ्यात काचेवर पाय घासत राहायचं. काच ही भिंत आहे, हे त्याला उमगतच नाही. त्यात पेटी इतकी लहान की दिवा लावला की दोन्ही टोकं सारखीच तापायची. कासव उन्हात-सावलीत ये-जा करूनच अंगाचं तापमान राखतं. दिव्याखाली ३२-३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २०-२२ अंश हवेत. म्हणून चार बाय दोन फुटांचं, वरून उघडं लाकडी टेबल करून घेतलं. पिल्लाला बंद पेटी देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

निशिगंधा:
काचेचं पटलं, उघड्या टेबलाचं नाही. हिवाळ्यात हीटिंग लावलं की आपले ओठ फुटतात, मग एवढ्याशा पिल्लाचं काय होत असेल? माझं पहिलं कासव दोन वर्षं उघड्या टेबलावर होतं. वर दिवा, खाली कोरडी माती. पाठीवरचा एकेक कप्पा टेंगळासारखा वर आला, आणि ती टेंगळं आता जन्मभर तशीच राहणार. २००३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांचा सुल्काटा या आफ्रिकी कासवाच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी टेंगळं येण्यात खाण्यातली प्रथिनं कमी-जास्त केल्याने फारसा फरक पडला नाही, कोरड्या हवेने मात्र पडला. लहानपणी दमटपणा हवाच, आणि तो बंद पेटीतच टिकतो.

लेस्टरकर:
दमटपणा हवा, हे मान्य. पण वारा नसलेल्या पेटीत तोच दमटपणा छातीत भरतो. नाकातून फुगे यायला लागले की व्हेटकडे धावावं लागतं. ओल हवेत नको, मातीत असावी. मी साधी माती आणि नारळाचा भुसा मिसळून चार इंचांचा थर दिलाय. कोपऱ्यातून पाणी ओततो, म्हणजे वरचा थर कोरडा राहतो आणि तळ ओला. संध्याकाळी पिल्लू पुढच्या पायांनी उकरत आत शिरतं, पाठीचा रुपयाएवढा ठिपकाच काय तो बाहेर दिसतो. सकाळी कप्प्यांमधल्या फिकट नव्या रेघांना ओली माती चिकटलेली असते.

पुण्याची वाचक:
इथे स्टार कासव पाळायचं तर असंच टेबल चालेल का?

निशिगंधा:
ताई, ते आणूच नका. २०२२ च्या दुरुस्तीपासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि विकणारे ती बहुतेक रानातूनच पकडून आणतात. कोणी देत असेल तर वनविभागाला कळवा.
लेस्टरकर दादा, मातीची युक्ती चांगली आहे, पण अर्धवट. पिल्लू दिवसा बाहेर असतं ना? थंड टोकाकडची अर्धी बाजू तरी अॅक्रिलिकने झाका. दिव्यांची बाजू मात्र उघडी ठेवा, कारण साधी काच यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, जवळजवळ सगळे अडवते आणि यूव्हीबीशिवाय कवच मऊ पडतं. यूव्हीबी देणारी ट्यूब पेटत असली तरी वर्षभरात बदला. आणि मातीत किती ओल आहे, ते अंदाजाने सांगू नका, मोजा.

लेस्टरकर:
काल रात्री मोजली. पिल्लू झोपतं तिथे ७८ टक्के, वर हवेत ४१. ७८ वर मी समाधानी आहे.

निशिगंधा:
मला तो ४१ खटकतोय. दिवसाचे बारा तास ते त्याच हवेत वावरतं. झाकण घाला आणि पुन्हा मोजा.