मदत हवी आहे: चुकून 3 वर्षांचं होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) घेतलं, रिफंड मागू की छोटा प्लॅन करून घेऊ?

हळदवाला_वसमत
राम राम मंडळी. दुकानाची पाच पानांची वर्डप्रेस साइट आहे. पेमेंटच्या पानावर 36 महिने आधीच निवडलेले होते, ते लक्षातच आलं नाही. 199 × 36 = 7,164, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 8,453.52 रुपये यूपीआयनं गेले. सोबत डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटचं नाव, फुकट. मनी बॅक 30 दिवसांचं आहे, आज 23वा दिवस. चॅटवर म्हणतात, "छोट्या प्लॅनवर या, फरक तुमच्या खात्यात जमा राहील." हे करावं का? मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी याच डोमेनच्या मेलवर येतात, तो बंद पडायला नको.

सर्व्हर_संभाजीनगर
भाऊ, प्लॅनला आत्ता हात लावू नका. ते 'खातं' बँकेतलं नव्हे, त्यांच्याकडचं वॉलेट. त्यातून पुढची बिलं भागतात, रोख परत येत नाही. शिवाय प्लॅन बदलला की नवं इन्व्हॉइस तयार होतं, आणि मनी बॅक बहुतेक ठिकाणी पहिल्या खरेदीलाच लागू असतं. पूर्ण रद्द करा, लहान प्लॅन वेगळा घ्या. घेताना पहिल्या वर्षाच्या दरावर भाळू नका, नूतनीकरणाचा दर बघा.

फुकटचं डोमेन रिफंडच्या वेळी फुकट राहत नाही. नोंदणीचे पैसे पुढे रजिस्ट्रीला, म्हणजे डॉट कॉम नावांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, गेलेले असतात, म्हणून किंमत कापतात. समजा 1,099 कापले, त्यावर जीएसटी धरून 1,296.82, तर हातात 7,156.70 यायला हवेत. कापल्यावर डोमेन तुमचंच, तेव्हा रद्द करताना 'डोमेनही रद्द करा' या चौकोनावर खूण राहिलेली नाही ना, एवढं बघा.

डीएनएस_लातूर
त्याआधी बॅकअप. सीपॅनेलमधून (होस्टिंग सांभाळायचं पान) पूर्ण बॅकअप काढा आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवा. सर्व्हरवर ठेवलेला खात्याबरोबरच जातो. नुसतं पब्लिक एचटीएमएल हे साइटच्या फाइलींचं फोल्डर उचललं तर फोटो येतील, मजकूर येणार नाही, कारण तो डेटाबेसमध्ये असतो. सीपॅनेलमधल्या पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेसच्या साधनातून एसक्यूएल फाइल, म्हणजे डेटाबेसची प्रत, वेगळी काढा, उघडून शेवटपर्यंत आली का बघा.

मेलमध्ये लोक हमखास फसतात. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामला आयमॅपनं (सर्व्हरवरचे मेल जसेच्या तसे दाखवणारी जोडणी) जोडलं म्हणजे मेल उतरले असं नाही: तिकडे सर्व्हरवर पुसलं की इकडचंही जातं. पत्रं 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा. नव्या होस्टवर त्याच नावाचे मेलबॉक्स आधी तयार करा, साइट चढवून बघा, मगच नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या होस्टकडे जायचं ते सांगणारी नोंद) बदला. पुढचे 48 तास मेल दोन्हीकडे पडू शकतात, तोवर जुनं होस्टिंग चालू ठेवा.

डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायच्या भानगडीत पडू नका. नव्या नोंदणीवर सहसा 60 दिवस कुलूप असतं. नेमसर्व्हर बदलायला ते आडवं येत नाही.

हळदवाला_वसमत
हे सगळं 26व्या दिवसापर्यंत होईल. रद्द करायच्या फॉर्ममध्ये 'लगेच' आणि 'मुदत संपल्यावर' असे दोन पर्याय दिसतात. कोणता?

सर्व्हर_संभाजीनगर
'लगेच'. दुसरा निवडला तर होस्टिंग तीन वर्षं चालूच राहील, फक्त पुढचं नूतनीकरण थांबेल, पैसे मिळणार नाहीत. पण मेल नव्या ठिकाणी येतात हे पाहिल्याशिवाय बटण दाबू नका. बऱ्याच ठिकाणी रद्द करणं वेगळं आणि रिफंड मागणं वेगळं असतं, म्हणून बिलिंगला तिकीटही (लेखी तक्रार) टाका: इन्व्हॉइस क्रमांक, खरेदीची तारीख, आणि "रक्कम वॉलेटमध्ये नको, मूळ पेमेंटच्या मार्गानंच परत करा." चॅटवरच्या आश्वासनाचा भरवसा नाही, तिकिटाला तारीख असते. 30व्या दिवसाची वाट बघू नका. त्यांचं घड्याळ परदेशी वेळेवर चालत असेल तर तुमचा तिसावा त्यांचा एकतिसावा निघायचा.

मोबाइल_परभणी
यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे उघडून त्यांचा मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) स्वतः रद्द करा, होस्टिंग बंद झाल्यानं तो आपोआप जातोच असं नाही. रिफंड 'केला' म्हणाले आणि बँकेत दिसला नाही, तर 12 अंकी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मागा. तो घेऊन बँकेत गेलं की पैसे कुठं अडकलेत ते कळतं. जीएसटी नंबर देऊन बिल घेतलं असेल तर क्रेडिट नोटही (बिलाची रक्कम परत केल्याचा कागद) मागून घ्या, नाहीतर सीए ओरडेल. तिकिटाला उत्तरच आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915.