भाचीचा पहिला कॅमेरा: माझं मत जुन्या डी7200 ला
ताई, 15 वर्षांच्या भाचीसाठी 50 हजारांत नवा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) की वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला), असं विचारलंत. मी वापरलेला निकॉन डी7200 सुचवेन. 2015 चं मॉडेल, पण 24 मेगापिक्सेल, आणि मुख्य म्हणजे लेन्सचा फोकस आपोआप जुळवणारी मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीतच. निकॉनच्याच डी3500, डी5600 मध्ये ती नाही, त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सवर (त्यांत स्वतःची मोटर नसते) हातानं फोकस करावा लागतो.

उरलेल्या पैशांत 35 एमएम एफ/1.8 लेन्स घ्याच (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अंधार पडल्यावर नंदीध्वजांचे (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) फोटो काढायचे तर कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स कमी पडते. एफ/5.6 पेक्षा एफ/1.8 वर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. हा फरक तिला पहिल्याच संध्याकाळी कळेल! सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या काळविटांसाठी लांबचं जवळ आणणारी 70-300 एमएम लेन्स लागेल, ती पुढच्या वर्षी.

घेताना शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, बघा. या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे. आणि तिला सोबत न्याच. बॅटरीसह पाऊण किलोचं वजन आहे, तिच्या हाताला पेलतंय का ते तिनंच सांगू दे. जड वाटलं तर माझा सल्ला बाजूला ठेवा, हलका मिररलेस घ्या.