मदत हवी आहे: यादीवर ओढून आणलेल्या फाइली स्वीकारल्याच जात नाहीत (पायथन, पाय-साइड ६, विंडोज ११)

नमस्कार.

तालुक्याच्या गावातील एका वाचनालयासाठी मी हौसेने पायथनमध्ये, खिडक्या-बटणे बनवण्याच्या पाय-साइड ६ या साधनसंचाच्या मदतीने, छोटा डेस्कटॉप प्रोग्राम लिहीत आहे. जुने दिवाळी अंक स्कॅन करून तयार झालेल्या पीडीएफ फाइलींची वर्ष, अंकाचे नाव आणि पानसंख्या यांसह नोंद करणे, एवढेच त्याचे काम आहे. फाइली निवडण्यासाठी सुरुवातीला मी नेहमीची 'फाइल उघडा' ही खिडकी दिली होती, परंतु ती दर वेळी भलत्याच फोल्डरात उघडते, म्हणून तेथील ग्रंथपालबाई तिला कंटाळल्या आणि "समोर दिसतंय ते उचलून इकडे टाकता येत नाही का?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त वाटल्याने मी ड्रॅग-ड्रॉपच्या मागे लागलो, आणि गेले चार दिवस तेथेच अडकलो आहे.

क्यू-लिस्ट-विजेट या तयार यादीवरून (विजेट म्हणजे खिडकीतील एखादा घटक) मी स्वतःचा क्लास तयार केला आहे. त्यात सेट-ॲक्सेप्ट-ड्रॉप्स चालू केले असून ड्रॅग-एंटर-इव्हेंट (फाइल विजेटवर येताच चालणारे) आणि ड्रॉप-इव्हेंट (ती सोडताच चालणारे) ही दोन फंक्शने ओव्हरराइड केली आहेत, म्हणजे मूळच्या जागी स्वतःची लिहिली आहेत. पहिल्यात फाइली आहेत की नाहीत हे हॅज-यूआरएल्सने तपासून ॲक्सेप्ट-प्रपोज्ड-ॲक्शन बोलावतो. हाच कोड साध्या क्यू-विजेटवर बिनतक्रार चालतो. यादीवर मात्र फाइल आणली की क्षणभर अधिक चिन्ह दिसते आणि माऊस जरासा हलताच त्याच्या जागी आडवी रेघ मारलेले वर्तुळ येते. दोन्ही फंक्शनांत प्रिंट टाकून पाहिले, तर एंटर छापले जाते आणि ड्रॉप कधीच छापले जात नाही.

वाचनालयाच्या संगणकावर तर याहून विचित्र प्रकार आहे: तेथे साधे विजेटसुद्धा काही घेत नाही, एंटरही छापले जात नाही. कोड अक्षरशः तोच आहे.

तिसरी अडचण वेगळी आहे. साध्या विजेटवर चाळीस फाइली एकदम टाकल्या की माझा प्रोग्राम पानसंख्या मोजत बसतो, हे समजू शकतो; पण तेवढा वेळ ज्या फोल्डरातून फाइली ओढल्या, ती खिडकीदेखील गोठून राहते. दुसऱ्या प्रोग्रामची खिडकी माझ्यामुळे का थांबावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत, त्यामुळे त्या एकत्र सोडवायला गेल्यास गोंधळ वाढेल.

यादीचे आधी पाहू. एंटरला दिलेला होकार म्हणजे केवळ उंबरठा ओलांडू देणे होय. त्यानंतर माऊस विजेटवर फिरत असेपर्यंत ड्रॅग-मूव्ह-इव्हेंट पुन्हा पुन्हा येत राहतो, प्रत्येक वेळी "येथे टाकू का?" असे नव्याने विचारले जाते, आणि बोट उचलण्यापूर्वीचे शेवटचे उत्तर ग्राह्य धरले जाते. साध्या विजेटच्या मूळ मूव्ह-फंक्शनमध्ये नकार असा नसतोच, म्हणून आधीचा होकार टिकून राहतो. यादी, तक्ता आणि वृक्ष या विजेटांचा मूळ क्लास मात्र मूव्ह आल्याबरोबर आधी इव्हेंट नाकारतो आणि मग आपल्या मॉडेलला (यादीतील माहिती सांभाळणाऱ्या भागाला) विचारतो की हा प्रकार तुला चालेल का. क्यू-लिस्ट-विजेटच्या मॉडेलला फक्त यादीतल्या ओळींचा स्वतःचा प्रकार ओळखीचा असतो. बाहेरच्या फाइली त्याला परक्या वाटतात, आणि नकार कायम राहतो. आपल्याला दिसलेले अधिक चिन्ह एंटरच्या होकाराचे होते आणि नंतरचे वर्तुळ मूव्हच्या नकाराचे.

तेव्हा ड्रॅग-मूव्ह-इव्हेंटही ओव्हरराइड करावा आणि फाइली असतील तेव्हा सुपर, म्हणजे मूळ क्लासचे फंक्शन, न बोलावता तेथेच स्वीकार करावा. फाइली नसतील तर मात्र सुपरला जरूर बोलवा, नाही तर यादीतल्या ओळी खालीवर ओढण्याची सोय बंद पडेल. चार दिवस गेले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. या एका फंक्शनापायी मीही एक अख्खा शनिवार घालवलेला आहे.

एक सावधगिरी घ्यावी. ॲक्सेप्ट-प्रपोज्ड-ॲक्शन म्हणजे समोरून सुचवलेली क्रिया जशीच्या तशी मान्य करणे. कोणी शिफ्ट दाबून फाइल ओढली तर सुचवलेली क्रिया 'हलवणे' अशी असते, आणि ती आपण मान्य केली की मूळ प्रत काढून टाकण्याची मुभा स्रोताला मिळते. आपला प्रोग्राम फक्त नोंद करतो, म्हणून सेट-ड्रॉप-ॲक्शनने स्वतःहून 'कॉपी' ठरवावे आणि मग साधे ॲक्सेप्ट बोलवावे. जुना स्कॅन असा हातचा जाऊ नये.

वाचनालयाच्या संगणकाबाबत माझा अंदाज असा, की तेथे आपण प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालवत असाल, किंवा ज्या एडिटरमधून तो सुरू होतो तो एडिटर तसा उघडलेला असेल. सुरू झालेला प्रोग्राम एडिटरचे अधिकार वारशाने घेतो. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या खिडकीत ढवळाढवळ करता येत नाही. फोल्डरची खिडकी सामान्य अधिकाराने चालते, म्हणून तिच्यातून ओढलेली फाइल आपल्या खिडकीपर्यंत पोहोचतच नाही आणि एंटरसुद्धा छापले जात नाही. कमांडच्या खिडकीतून चालवत असल्यास तिच्या शीर्षपट्टीवर 'ॲडमिनिस्ट्रेटर' हा शब्द आहे का, एवढे पाहावे. यावर कोडमध्ये पळवाट शोधू नका, प्रोग्रामला त्या अधिकारांची गरजच पडणार नाही अशी व्यवस्था करा.

फोल्डरची खिडकी गोठते, कारण विंडोजवर ओढणारा प्रोग्राम आपल्या ड्रॉपच्या उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो. ड्रॉप-इव्हेंट परत फिरत नाही तोवर त्याची सुटका नाही. ड्रॉपमध्ये केवळ पत्त्यांची यादी उतरवून घ्या, स्वीकार करा आणि बाहेर पडा. पानसंख्या मोजण्याचे काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागावर) सोपवा. नुसता शून्य मिलिसेकंदांचा सिंगल-शॉट टायमर लावला तर फोल्डरची खिडकी मोकळी होईल, पण आपली खिडकी गोठायची ती गोठेलच.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. मूव्ह-फंक्शन घालताच यादी चालू झाली. ॲडमिनिस्ट्रेटरचा अंदाजही तंतोतंत खरा निघाला: सहा महिन्यांपूर्वी नोंदींची फाइल प्रोग्राम फाइल्स फोल्डरात ठेवण्याचा आगाऊपणा मीच केला होता, तेथे लिहिता येईना म्हणून शॉर्टकटवर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची खूण केली होती, आणि पुढे विसरून गेलो. आता नोंदींची फाइल वापरकर्त्याच्या फोल्डरात हलवली आहे.

मात्र एक नवीन अडचण आली. 'दिवाळी' असे नाव असलेल्या फाइलीचा पत्ता टक्केचिन्हे, आकडे आणि रोमन अक्षरे यांची लांबलचक माळ होऊन येतो आणि अशी फाइल नाही असे पायथन सांगतो. मी माइम-डेटामधून (ओढलेल्या वस्तूसोबत येणाऱ्या माहितीतून) यूआरआय-लिस्ट या प्रकाराचे बाइट थेट वाचत आहे.

प्रतिसाद २

तेथेच चूक होते आहे. त्या बाइटांत पत्ता यूआरएलच्या रूपात असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो, म्हणून 'दिवाळी' या शब्दातील काना-वेलांट्यांसह ६ चिन्हांची ५४ अक्षरे होतात. स्वतः उलगडत बसू नका. माइम-डेटाच्या यूआरएल्स फंक्शनाने यादी घ्या आणि प्रत्येकावर टू-लोकल-फाइल बोलवा. नावातील मोकळ्या जागाही त्यातच सुटतील. ब्राउझरमधून ओढलेल्या दुव्यासाठी तेच फंक्शन रिकामी ओळ देते, तेवढी तपासून वगळावी.

धागाकर्ता

टू-लोकल-फाइलने नावे नीट आली. आज ग्रंथपालबाईंनी एकदम बावीस अंक टाकले आणि फोल्डरची खिडकी अडकली नाही. त्यानंतर त्यांनी ईमेलमधील जोडपत्र थेट यादीवर ओढून पाहिले, ते मात्र नाकारले गेले. हॅज-यूआरएल्स तेथे खोटे येते.

प्रतिसाद १

ते योग्यच आहे. ते जोडपत्र अजून डिस्कवर फाइल म्हणून उतरलेलेच नसावे, म्हणून त्याला पत्ता नाही. अशा वेळी ईमेलचा प्रोग्राम फाइलीचे वर्णन आणि आतला मजकूर असे दोन वेगळे प्रकार पुढे करतो. माइम-डेटाचे फॉरमॅट्स छापून पाहिल्यास ते दिसतील. त्यांतून मजकूर काढता येतो, पण त्यासाठी बरीच खटपट करावी लागते. तूर्तास बाईंना जोडपत्र आधी डेस्कटॉपवर टाकायला सांगा आणि तेथून यादीवर.